मंत्र्यांनी शेरा मारला, तरी ओढ्यावर पूल का नाही?

ओढ्यापलीकडची

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या हजार-बाराशे वस्तीच्या एका गावची मी सरपंच. पहिलीच टर्म. गाव अलीकडं, शाळा पलीकडं आणि मधून ओढा. एरवी घोट्याएवढं पाणी, पण एक मोठा पाऊस झाला की दोन-दोन दिवस लेकरं घरी. सध्या तिथं तीन सिमेंटच्या नळ्या आणि वर मुरूम एवढाच पूल आहे. दर पावसाळ्यात मुरूम वाहून जातो, दर दिवाळीला आम्ही नवा टाकतो.

तीन वर्षांमागं आमदारांचं पत्र जोडून निवेदन घेऊन आम्ही सहा जण रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबईला गेलो. मंत्री साहेब भेटले, नीट बोलले, चहा पाजला. निवेदनाच्या डाव्या कोपऱ्यात स्वतःच्या हातानं लिहिलं, "सचिव : तपासून तात्काळ सादर करावे" आणि खाली सही. आम्ही त्याचा फोटो काढला. गावात पेढे वाटले. तो फोटो अजून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे.

पूल नाही. आणि जो तो वेगळंच सांगायला. तालुक्याचे इंजिनिअर म्हणतात वरून काही आलं नाही. दुसरे म्हणतात हा रस्ता आमचा नाहीच. आमदारांचे पीए म्हणतात फाईल फिरायली. एक कार्यकर्ता म्हणतो ते मंत्री बदलले, म्हणजे त्यांची सही पण गेली, आता मुख्यमंत्र्यांची आणा. आमचे ग्रामसेवक तर परवा गमतीनं म्हणाले, "ताई, सगळं राज्यपालांच्या नावानं चालतंय, थेट तिकडंच जाऊ."

प्रश्न पोरकट वाटेल, पण विचारतेच. राज्य सरकार म्हणजे नेमकं कोण? कुणाची सही झाली म्हणजे सरकारनं "हो" म्हटलं असं धरायचं? दहावीला कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ पाठ केलं होतं, त्रिकोण पण काढला होता. त्या त्रिकोणात माझा कागद कुठं आहे, ते कुणी सांगाल का?

पूर्व_पास_मुख्य_नापास

ताई, थोडक्यात सांगतो. राज्याचे घटनात्मक प्रमुख राज्यपाल, नेमणूक राष्ट्रपतींकडून. कलम १६३ : राज्यपालांना सल्ला द्यायला मुख्यमंत्र्यांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ. कलम १६४ : मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतात, बाकी मंत्र्यांची मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानं. मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या विधानसभेला जबाबदार. विधानसभा २८८, म्हणजे बहुमत १४५. विधान परिषद ७८, त्यातले १२ राज्यपालनियुक्त. ९१वी घटनादुरुस्ती, २००३ : मंत्री विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, म्हणून आपल्याकडे मुख्यमंत्री धरून ४३. आमदार नसलेला माणूसही मंत्री होऊ शकतो, पण सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात यावं लागतं. उद्धव ठाकरे नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा कुठल्याच सभागृहात नव्हते, मे २०२० मध्ये विधान परिषदेवर बिनविरोध गेले, ते याच अटीमुळे.

तुमचा कागद कार्यकारी मंडळात आहे. एवढंच मला सांगता येतंय. पुढचं पुस्तकात नाही.

नस्तीवाला

वरच्या मुलाने लिहिलेलं सगळं बरोबर आहे, आणि "पुढचं पुस्तकात नाही" हे तर सगळ्यांत बरोबर. बाळा, मुख्य परीक्षेत असं लिहिलंस तर मार्क देणार नाहीत, पण मी दिले असते.

सरपंचताई, मी एकतीस वर्षं मंत्रालयात काढली. सहायक म्हणून लागलो, कक्ष अधिकारी म्हणून बाहेर पडलो. तुमच्यासारखी निवेदनं रोज वीस-पंचवीस माझ्या टेबलावर यायची. त्यामुळे तुमचा कागद कुठे आहे याचा अंदाज मला डोळे मिटून येतो. सवडीने वाचा, लांबणार आहे.

आधी शेऱ्याचं बघू. मंत्री निवेदनावर जे लिहितात ते आम्ही कसं वाचायचो, ते सांगतो. "नियमानुसार कार्यवाही करावी" याचा अर्थ, मी काही ठरवलेलं नाही, तुम्ही एरवी कराल तेच करा. "चर्चा करावी" म्हणजे अधिकाऱ्याने येऊन बोलावं, तोवर कागद जागेवर. आणि तुमचं "तपासून सादर करावे" म्हणजे, मला याची माहिती नाही, ती काढून माझ्यासमोर आणा. यात होकार कुठे आहे? "तात्काळ" या शब्दाला तर आम्ही पूर्णविरामाइतकीच किंमत द्यायचो. पेढे वाटलेत हे वाचून वाईट वाटलं, पण मंत्र्यांनी तुम्हाला फसवलं असंही नाही. त्यांनी अधिकाऱ्यांना प्रश्न विचारला, तुम्हाला तो उत्तर वाटला.

आता त्या कागदाचा प्रवास. मंत्र्यांच्या दालनातून तो सचिवांकडे जातो. सचिव कोपऱ्यात लघुस्वाक्षरी करून उपसचिवांकडे, ते अवर सचिवांकडे, ते कक्ष अधिकाऱ्याकडे, तो सहायक कक्ष अधिकाऱ्याकडे. इथवर कुणीही विचार केलेला नसतो, फक्त जिना उतरलेला असतो. सगळ्यांत खालच्या पायरीवर जो बसलाय तो पहिल्यांदा कागद वाचतो. त्याची नस्ती करतो (फाईलला आम्ही नस्ती म्हणतो, आता ई-ऑफिसमध्ये स्क्रीनवर असते, पण शब्द तोच) आणि टिप्पणी लिहितो : अमुक गाव, अमुक मागणी, क्षेत्रीय कार्यालयाकडून अभिप्रायासह स्वयंस्पष्ट अहवाल मागवावा का? मग अहवाल मागवायचा. तो आला की दुसरी टिप्पणी : रस्ता कोणाचा, खर्च किती, पैसा कुठल्या लेखाशीर्षातून (म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कुठल्या खात्यातून), असं केल्याने इतरांच्या मागण्या उभ्या राहतील का. शेवटी "मान्यतेस्तव सादर". आणि मग तोच जिना वर चढायचा. राज्यमंत्री, मंत्री, गरज असेल तर मुख्यमंत्री. वर जाताना प्रत्येकजण एक वाक्य वाढवतो किंवा एक प्रश्न विचारून नस्ती परत खाली सोडतो. मी एका बंधाऱ्याची नस्ती नऊ वेळा खाली आलेली पाहिली आहे, नवव्या वेळी प्रश्न होता, "गावाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ तपासावा."

तुमच्या इंजिनिअरने "वरून काही आलं नाही" म्हटलं ना? म्हणजे बहुधा अहवाल मागवणारं पत्रच निघालेलं नाही, किंवा ते दुसऱ्याच कार्यालयात गेलंय. याकडे पुन्हा येतो.

मग सरकार कोण? आता जे सांगतो ते ऐका आणि ग्रामसेवकांनाही ऐकवा, कारण ते गमतीत खरं बोलून गेलेत. कुठलाही शासन निर्णय, म्हणजे तुम्ही ज्याला जीआर म्हणता तो, उघडून शेवटचं पान बघा. तिथे छापलेलं असतं : "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने". खाली सही मात्र माझ्यासारख्या कक्ष अधिकाऱ्याची, नाहीतर अवर किंवा उपसचिवाची. मी अशा शेकडो सह्या केल्या. राज्यपालांना पाहिलं ते १ मेला शिवाजी पार्कवर संचलनात, तेही लांबून. राज्यपालांना त्यातल्या एकाही नस्तीची खबर नसेल. तरी ते ढोंग नाही. घटनेच्या १६६व्या कलमानुसार राज्याचा प्रत्येक कारभार राज्यपालांच्या नावाने व्यक्त व्हावा लागतो. कुठला विषय कुठल्या खात्याचा, कशाला मंत्री पुरेत, काय मुख्यमंत्र्यांकडे जायचं, काय मंत्रिमंडळाच्या बैठकीत, हे त्याच कलमाखालच्या कार्यनियमावलीत असतं. माझ्या काळात ती १९७५ची होती. निवडून आलेले आमदार ती वाचत नाहीत आणि आम्ही तिच्याशिवाय एक ओळ लिहीत नव्हतो.

मंत्र्याच्या लिखाणाचं मोल किती, यावर सुप्रीम कोर्टाचा निकालच आहे. बच्चितरसिंग विरुद्ध पंजाब, १९६२. पेप्सू म्हणून एक राज्य होतं, पतियाळा वगैरे संस्थानांचं. तिथला एक महसूल अधिकारी बडतर्फ झाला. त्याने अपील केलं. महसूलमंत्र्यांनी फाईलवर लिहिलं, बडतर्फी नको, खालच्या पदावर घ्यावं. पण आदेश काही निघाला नाही. १ नोव्हेंबर १९५६ला पेप्सू पंजाबात विलीन झालं (ताई, त्याच दिवशी तुमचा मराठवाडाही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला). नव्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी बडतर्फी कायम केली. बच्चितरसिंग म्हणाला, मंत्र्यांनी माझ्या बाजूने लिहिलं होतं की! कोर्टाने सांगितलं, नुसतं फाईलवर लिहिलेलं म्हणजे आदेश नव्हे. तो राज्यपालांच्या नावाने निघाला पाहिजे आणि ज्याचा त्याला कळवला पाहिजे. तोवर मंत्री, मुख्यमंत्री, कुणीही मत बदलू शकतो. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मुधोळकर.

तेव्हा भिंतीवरचा फोटो उतरवू नका, पण त्याच्यावर विसंबू पण नका. मंत्री बदलल्याने सही "गेली" हे चूक. गेली नाही, कारण ती आदेश म्हणून कधी आलीच नव्हती.

आता पैसा, कारण खरी गाठ तिथे आहे. सहसा कुठल्याही खात्याला वित्त विभागाला विचारल्याशिवाय खर्चाचा आदेश काढता येत नाही. जीआरमध्ये एक ओळ असते, "वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये प्राप्त सहमतीने". लोक ती वाचत नाहीत. मी जीआर हातात आला की आधी तीच शोधायचो. दोन पक्षांचं सरकार असो की तीन, सगळे पक्ष आधी गृहखात्यासाठी भांडतात असं पेपरवाले लिहितात. मुरलेली माणसं वित्तवर डोळा ठेवून असतात.

मंत्रिमंडळाबद्दल एक फाटा. एका पुलासाठी मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. धोरण, कायदा, अध्यादेश, मोठा खर्च हे तिथे जातं. मुख्य सचिव हे मंत्रिमंडळाचेही सचिव. उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाही, पालकमंत्रीही नाही. उपमुख्यमंत्री आपल्याकडे १९७८ला पहिल्यांदा झाले, वसंतदादांच्या सरकारात नासिकराव तिरपुडे. कायद्याच्या नजरेत ते बाकीच्यांसारखे मंत्रीच. आणि वरच्या मुलाने कमाल मर्यादा सांगितली, किमान सांगितली नाही. किमान बारा. २०२२ साली ३० जून ते ९ ऑगस्ट आपल्याकडे मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असं दोघांचंच मंत्रिमंडळ होतं. तेव्हा कँटीनमध्ये आमचे जुने सहकारी म्हणायचे, चला, कोरम व्हायला लिफ्टपण पुरते.

आता तुमच्या ओढ्यावर येतो. ताई, मला एक सांगा, तो रस्ता कोणता आहे? राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, आणि जिल्हा परिषदांचं खातं म्हणजे ग्रामविकास. तुमची शाळेची वाट असणार ग्रामीण मार्ग. तुम्ही ज्या मंत्र्यांना भेटलात ते भले माणूस असतील, पण त्यांच्या खात्याच्या यादीत हा रस्ताच नसेल तर खालच्या पायरीवरच्या पोराने लिहिलं असेल, "सदर विषय या विभागाच्या अखत्यारीत येत नसल्याने मूळ निवेदन अमुक विभागाकडे वर्ग करण्यात यावे." वर्ग केलेला कागद म्हणजे सासरी पाठवलेली मुलगी. माहेरचे म्हणतात दिली, सासरचे म्हणतात पोचलीच नाही.

रस्ते विकास योजना २००१–२०२१ची तालुक्याची यादी झेडपीच्या बांधकाम विभागात मिळते. त्यात रस्त्याला क्रमांक आहे का बघा. क्रमांक नसेल तर आधी तो लावून घ्यावा लागेल. क्रमांक असेल तर पुढचं बोलू.

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात विधानसभेत ४० आमदार. १५ टक्के काढले तर सहाच मंत्री होतात, पण घटनेत किमान १२ म्हटलंय, म्हणून आमच्याकडे ४० पैकी १२ मंत्री. उरलेल्यांतले बरेच कुठल्या ना कुठल्या महामंडळावर. विधान परिषद नाही. त्यामुळे मंत्री लग्नात भेटतो, जत्रेत भेटतो, मासळीच्या बाजारातही भेटतो. नस्तीवाला काकांना सांगतो, आमचे लोक शेरासुद्धा मागत नाहीत, सरळ "करतो" म्हणून घेतात. पण फाईल शेवटी पर्वरीला, सचिवालयातच जाते आणि तिथे वित्त खातं काकांनी सांगितलं तसंच बसलेलं आहे.

बाकी ते सासरी पाठवलेल्या मुलीचं वाक्य आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बायको हसली नाही.

ओढ्यापलीकडची

काका, खरं सांगू, वाचताना आधी राग आला, मग हसू आलं. तो फोटो मी आजच आतल्या खोलीत नेला. आणि मांडवीकाठ, तुमच्या बायकोचं बरोबर आहे, मी पण नाही हसले.

रस्त्याची यादी उद्या बघते. पण एक राहिलं. मग आमदार कशाला असतोय? आम्ही मत तर त्याला दिलं. कक्ष अधिकाऱ्याला कुणी निवडलं?

नस्तीवाला

बरं, ते वाक्य मागे घेतो. माझ्या मुलीनेही फोन करून झापलं.

तुमचा प्रश्न मात्र मुद्द्याचा आहे. कक्ष अधिकाऱ्याला कुणीच निवडलेलं नाही, म्हणूनच तो मंत्र्याच्या हाताखाली आहे. मंत्री विधानसभेला बांधलेले आणि विधानसभा तुम्हाला. ही साखळी कुठे ताणली जाते ते सांगतो, मी तिचा ताण अंगावर घेतलाय.

आमदार मंत्रालयात पत्र घेऊन आला तर तो माझ्यासाठी एक कागद होता. तोच आमदार सभागृहात उभा राहिला की माझी झोप उडायची. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) लागला की उत्तर तयार करा. त्यावर उपप्रश्न काय येतील याचा अंदाज बांधून पूरक टिपणी जोडा. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी आमदाराची सूचना) लागली की रात्रीचे अकरा-बारा. हिवाळी अधिवेशन नागपूरला, १९५३च्या नागपूर कराराची परंपरा. तेव्हा आम्ही पत्र्याच्या पेट्यांत नस्त्या भरून रेल्वेने न्यायचो. डिसेंबरची थंडी आणि सभागृहाच्या अधिकारी गॅलरीत आम्ही दाटीवाटीने बसलेलो. मंत्री उत्तर देताना अडखळले की चिठ्ठी लिहून शिपायाच्या हाती खाली पाठवायची. एकदा माझी चिठ्ठी मंत्र्यांनी शब्दन्‌शब्द वाचली, "साहेब, आकडा चुकलाय" हेसुद्धा. सभागृह हसलं, मी गॅलरीत खुर्चीखाली जायचा बाकी होतो.

आणि इथेच तुमच्या कामाची गोष्ट आहे. मंत्री निवेदनावर काय लिहितात त्याला मोल कमी, पण सभागृहात उभं राहून "या पुलाचं काम हाती घेण्यात येईल" असं बोलले, तर ते कार्यवृत्तात नोंदलं जातं. दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या आहेत. त्या असली वाक्यं वेचून काढतात आणि खात्याला विचारतात, झालं का? सचिवांना समितीपुढे बसून उत्तर द्यावं लागतं. मंत्री बदलले तरी ते आश्वासन शासनाचं म्हणून राहतं. मी शेऱ्यांच्या गठ्ठ्यावर शांत झोपलो आहे, आश्वासन समितीचं पत्र आल्यावर नाही. तेव्हा आमदारांना पत्र मागू नका, पत्रं त्यांच्याकडे छापील असतात. लक्षवेधी मागा, नाहीतर अर्थसंकल्पी अधिवेशनात ग्रामविकासच्या मागण्यांवर बोलताना गावाचं नाव घ्यायला सांगा.

पैसा देण्याचा शेवटचा हक्कही विधानसभेचाच. अर्थसंकल्प, मध्येच लागले तर पुरवणी मागण्या, मग विनियोजन विधेयक. ते मंजूर झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतला रुपया निघत नाही. यात विधान परिषदेला फार वाव नाही. धन विधेयक तिथे जास्तीत जास्त चौदा दिवस राहू शकतं. पण परिषदेला कमी लेखू नका. तिथले शिक्षक आणि पदवीधर आमदार प्रश्न विचारण्यात तरबेज, आणि आश्वासन तिथे मिळालं तरी तितकंच चालतं. तुमच्या पुलावर शाळेची मुलं अडतात ना? मग मराठवाडा शिक्षक मतदारसंघाच्या आमदाराला भेटा. हे कुणी तुम्हाला सुचवलं नसेल.

टोरंटोकर

गंमत वाटली म्हणून लिहितो. मी ओंटारियोत राहतो. इथे प्रांताचं सरकार, पण साचा ओळखीचा. राज्यपालांच्या जागी लेफ्टनंट गव्हर्नर, मुख्यमंत्र्यांच्या जागी प्रीमियर, विधिमंडळात १२४ सदस्य आणि सभागृह एकच. कॅनडात आता कुठल्याच प्रांतात वरचं सभागृह नाही. शेवटचं क्विबेकचं होतं, ते १९६८च्या अखेरीस गेलं. मंत्रिमंडळाचे आदेश इथेही लेफ्टनंट गव्हर्नरच्या सहीने निघतात.

मी नवा आलो तेव्हा एका समारंभात "डेप्युटी मिनिस्टर" म्हणून बाईंची ओळख करून दिली. मी आपला राज्यमंत्री समजून विचारलं, तुमचा मतदारसंघ कुठला? त्या हसल्या. इथे डेप्युटी मिनिस्टर म्हणजे नोकरशहा, आपल्याकडचे सचिव. मंत्री येतात-जातात, त्या चार मंत्र्यांच्या हाताखाली तिथेच होत्या. नस्तीवाला काकांची आठवण यावी अशाच होत्या, फक्त पेट्या नव्हत्या.

ओढ्यापलीकडची

मंडळी, काल झेडपीत जाऊन आले. दोन टेबलं फिरल्यावर यादी मिळाली. रस्ता ग्रामीण मार्ग आहे, क्रमांक पण आहे! पण यादीत लांबी लिहिलीय ती ओढ्याच्या अलीकडंच संपते. म्हणजे कागदावर आमचा रस्ता पाण्यात जाऊन थांबतो. शाळा कागदावर रस्त्याविना. तिथल्या ताईंनी सांगितलं, लांबी वाढवायला आधी ग्रामसभेचा ठराव लागेल, मग प्रस्ताव. पुलाला पैसा जिल्हा नियोजनच्या ५०५४ या रस्ते-पुलांच्या लेखाशीर्षातून, नाहीतर नाबार्डच्या कर्जातून मागता येईल, पंचवीस-पंधरा (२५१५) या गावातल्या छोट्या कामांच्या लेखाशीर्षात एवढा मोठा पूल बसणार नाही म्हणाल्या. शब्द सगळे कळले नाहीत, पण पहिल्यांदा कुणी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं.

येत्या शुक्रवारी ग्रामसभा आहे. शिक्षक आमदारांच्या पीएंचा नंबर पण मिळवलाय. आधीच्या निवेदनाचं काय करू? सोडून देऊ का?

नस्तीवाला

सोडू नका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्या खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. "आमच्या निवेदनाचं काय झालं" असं विचारू नका, "योग्य कार्यवाही सुरू आहे" असं उत्तर येईल. लिहा : निवेदनाचा आवक क्रमांक, ते कोणत्या कार्यासनाला (म्हणजे खात्यातल्या कुठल्या शाखेला) दिलं, टिप्पणी भागाची प्रत, आणि वर्ग केलं असल्यास जावक क्रमांक व दिनांक. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यांनी ग्रामविकासकडे पाठवलं असेल तर तो जावक क्रमांक नव्या प्रस्तावात संदर्भ एक म्हणून टाका. तीन वर्षं जुना संदर्भ असला की टिप्पणी लिहिणाऱ्या पोराला कागद बाजूला सारता येत नाही.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, पण सदस्य सचिव कलेक्टर. प्रस्तावाची एक प्रत तिकडे हाताने द्या आणि पोच घ्या.

ठरावात रस्त्याचा क्रमांक, आजची लांबी, वाढवायची लांबी मीटरमध्ये आणि शाळेचा युडायस क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक) घाला. सत्यप्रती दोन नव्हे, चार काढा. २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा माझं कार्यासन पाचव्या मजल्यावर होतं, एक कपाट उरलं नाही. त्यानंतर वर्षभर आम्ही जिल्ह्याजिल्ह्यांना पत्रं लिहून आमच्याच नस्त्यांच्या प्रती मागत होतो. ज्या गावांनी प्रत जपली होती त्यांची कामं आधी लागली.

ग्रामसभा किती वाजता आहे? कोरम बघून घ्या.

ओढ्यापलीकडची

अकराला. पाऊस नसला तर ओढ्याच्या काठावरच घेते, पलीकडच्या वस्तीला पण येता येईल.